साइडबॉटम: या इंग्रजी आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आडनावांचा नाद आहे हे एकदा लोकांना कळलं की मग मेसेज थांबत नाहीत, आणि का कोण जाणे, पण इंग्रजी आडनावांत सगळ्यात जास्त विचारणा होते ती साइडबॉटमची. बहुतेक मेसेजमध्ये हसून लोटपोट होणारी इमोजी असते. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय. शेवटी शेवटी थोडे किचकट प्रश्न आहेत, घाई असेल तर पहिले चार वाचले तरी भागेल.

साइडबॉटम म्हणजे नक्की काय? खरंच तोच अर्थ आहे का जो मला वाटतोय?

नाही हो. अर्थ आहे "रुंद दरीचा तळ". जुन्या इंग्रजीत म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सीद' म्हणजे रुंद, ऐसपैस, आणि 'बॉत्म' म्हणजे तळ, त्यातही दोन डोंगरांमधली सपाट जमीन जिथून नदी किंवा ओढा जातो. दोन्ही जोडून एका जागेचं नाव झालं आणि त्या जागेवरून तिथल्या माणसांचं. माणसाच्या शरीराचा यात काहीच संबंध नाही, ना बाजूचा ना खालचा.

पण 'साइड' म्हणजे बाजू ना? मग 'बाजूचा तळ' का नाही?

आजच्या इंग्रजीने बघितलं की असंच वाटतं, आणि आडनावांच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो, जुना शब्द वापरातून जातो, लोकांना तो कळेनासा होतो आणि मग ते त्याच्यासारखा ऐकू येणारा ओळखीचा शब्द तिथे बसवतात. 'सीद' हा रुंद अर्थाचा शब्द इंग्रजीतून जवळजवळ नाहीसाच झाला. गंमत म्हणजे बाजू या अर्थाचा 'साइड' शब्दसुद्धा बहुतेक याच 'सीद'पासून आलाय असं शब्दकोशवाले मानतात, म्हणजे वस्तूचा लांबरुंद भाग तो साइड. तेव्हा नातं आहे पण लांबचं, चुलत-चुलत म्हणतात तसं.

मग इंग्रजांनी असं लाजिरवाणं आडनाव ठेवलंच का?

ठेवलं तेव्हा ते लाजिरवाणं नव्हतं. बॉटम या शब्दाला 'ढुंगण' हा अर्थ चिकटला तो अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, आणि तोपर्यंत ही आडनावं चारपाचशे वर्षं जुनी होऊन बसली होती. म्हणजे आडनाव आधी आणि चावटपणा नंतर. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या माणसाला कुणी "अमुक अमुक साइडबॉटमचा" म्हटलं तर त्याच्या डोळ्यासमोर ओली हिरवी कुरणं यायची, बाकी काही नाही.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे. 'बूड' बघा. पातेल्याचं बूड करपतं, आरोप बिनबुडाचे असतात, लोकलमध्ये बूड टेकायला जागा मिळत नाही. तिन्हीकडे शब्द एकच, पण हसू फक्त तिसऱ्याला येतं. २००७ साली भारताचा इंग्लंड दौरा चालू होता, मी टीव्हीसमोर आणि आजी तिथेच मटार सोलत बसलेली, इंग्लंडचा एक बॉलर त्या आडनावाचा, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत सारखं साइडबॉटम साइडबॉटम चाललेलं, तिने विचारलं काय रे हे नाव, मी सांगितलं बॉटम म्हणजे बूड, तर मान वर न करता म्हणते, "बूड आहे ना? बिनबुडाचा तर नाही ना? मग झालं." तेव्हा नुसतं हसलो होतो. पुढच्या प्रश्नाचं उत्तर मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी.

कुणीतरी म्हणालं की बॉटमचा संस्कृतशी संबंध आहे. ही पण 'सगळं आपल्याकडूनच गेलं'वाली फेकाफेक का?

संबंध खरा आहे, पण 'आपल्याकडून गेलं' असा नाही. संस्कृतात 'बुध्न' म्हणजे तळ, पाया, बुंधा. इंग्रजी बॉटम, जर्मन 'बोडेन', लॅटिन 'फुंडुस', ग्रीक 'पुथ्मेन' आणि आपला 'बुध्न' ही सगळी एकाच फार जुन्या मूळ शब्दाची लेकरं, म्हणजे भावंडं, कुणी कुणाचा बाप नाही. लॅटिन फुंडुसवरूनच पुढे फंड आणि फाउंडेशन हे शब्द आले, म्हणजे तुमचा म्युच्युअल फंड आणि साइडबॉटम एकाच खानदानातले.

मराठीत 'बुंधा' आणि 'बूड' हे शब्द याच बुध्नच्या गोतावळ्यातले मानले जातात. झाडाचा बुंधा, पातेल्याचं बूड आणि रुंद दरीचा बॉटम, तिघांच्या मुळाशी 'सगळ्यात खालचा भाग' ही एकच कल्पना. आणि पंचांग बघणाऱ्यांसाठी एक जास्तीचं: उत्तरा भाद्रपदा नक्षत्राची देवता अहिर्बुध्न्य, म्हणजे तळाशी राहणारा सर्प, ऋग्वेदातला. त्यातला 'बुध्न्य' पण हाच. म्हणजे आजीने साइडबॉटमला बूड म्हटलं ते भाषांतर म्हणून बरोबर होतंच, पण नात्याने पण बरोबर होतं, आणि तिला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

फक्त दोन ठिकाणी पाय घसरतो तेवढं सांभाळा. 'बुध', 'बुद्ध', 'बोध' यांचं मूळ वेगळं आहे, जागं होणं, जाणणं. आणि पाण्यात 'बुडणं' हे क्रियापद पण वेगळ्या घरातलं. ऐकायला सारखं म्हणून एका माळेत ओवू नका.

हे आडनाव इंग्लंडमध्ये नक्की कुठलं?

चेशर परगण्याचा ईशान्येकडचा कोपरा, म्हणजे स्टॉकपोर्ट, हाइड, स्टेलीब्रिज हा पट्टा, आणि त्याला लागून असलेले लँकेशर आणि डार्बीशरचे भाग. नकाशात मँचेस्टर शोधा आणि तिथून पूर्वेला पेनाइन डोंगरांकडे सरका. टेम, इथरो, गॉइट या नद्या त्या डोंगरांतून खाली येतात, इथरो गॉइटला मिळते, गॉइट आणि टेम स्टॉकपोर्टला एकत्र येऊन मर्झी होते, तीच मर्झी जी पुढे लिव्हरपूलला समुद्राला मिळते. दोन्ही बाजूंना उघडेबोडके पठारी डोंगर, त्यांवर धड काही पिकत नाही, आणि मध्ये खाली नदीकाठी गाळाची सपाट पट्टी, गवत भरपूर, पाणी भरपूर, पावसाळी चिखल पण भरपूर. ती पट्टी म्हणजे बॉटम. ज्या मुलखात वरच्या जमिनीवर फक्त मेंढ्या चरतात तिथे खालच्या रुंद पट्टीला स्वतःचं नाव असणारच, घरदार चालायचं ते त्याच पट्टीवर.

आणि जागेचं नाव माणसाला कसं चिकटलं? आपल्या -कर सारखं?

बऱ्यापैकी तसंच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतर हळूहळू पिढीजात आडनावांची पद्धत रुजली, आधी जमीनदारांत, मग पुढच्या दोनतीनशे वर्षांत साध्या शेतकऱ्यांपर्यंत. गावात चार जॉन असले की करवसुलीच्या कागदावर कुठला जॉन ते लिहावं लागायचं, मग सुताराचा, लंगड्या, अमक्याचा मुलगा, किंवा तमक्या जागेचा. जागेच्या नावाआधी 'दे' लावायचे, पुढे तो 'दे' गळून गेला आणि नुसती जागा उरली. आपल्याकडे -कर तरी राहिला, त्यांच्याकडे शेपूटच कापली गेली. समजा दरेकरमधला कर काढून नुसतं 'दरे' ठेवलं तर जे होईल ते. आणि दरेकरच म्हणायचं कारण असं की अर्थाने साइडबॉटमच्या सगळ्यात जवळचं मराठी आडनाव मला तेच वाटतं.

शेवटी काही जण बॉटम लिहितात तर काही बोथॅम. दोन वेगळी आडनावं आहेत का?

एकच. एकात शेवटी दोन टी, ओ, एम आणि दुसऱ्यात टी, एच, ए, एम, एवढाच फरक. मूळ शब्दाचीच दोन रूपं बोलीत चालायची, एकात 'त', दुसऱ्यात जिभेचं टोक दातांना लावून काढायचा 'थ'. जुने कारकून ऐकू येईल तसं लिहायचे त्यामुळे एकाच घराण्याच्या एकाच पिढीत दोन्ही स्पेलिंग सापडतात. शेवटचा 'हॅम' बघून लोकांना बर्मिंगहॅम आठवतं आणि ते 'हॅम म्हणजे गाव' असं सांगतात, पण इथे तो हॅम नाहीच, 'बोथम' हा अख्खा एक शब्द आहे.

याचं एक भारी उदाहरण ब्रिटनच्या संसदेत आहे. १८८६ ते १९०० या काळात स्टेलीब्रिजचे खासदार टॉम हॅरप साइडबॉटम, हाय पीकचे विल्यम साइडबॉटम आणि हाइडचे जोसेफ वॉटसन साइडबोथॅम, तिघेही हुजूर पक्षाचे, तिन्ही मतदारसंघ एकमेकांच्या शेजारी. दोघांचं स्पेलिंग एक, तिसऱ्याचं दुसरं. हजेरी घेणाऱ्याची काय हालत होत असेल.

लोक हसतात म्हणून काहींनी पुढे मुद्दाम बोथॅमवालं स्पेलिंग धरून ठेवलं, आणि काही जण तर 'सिडी-बो-टोम' असा फ्रेंच थाटाचा उच्चार करतात यावर इंग्रज स्वतःच विनोद करतात.

म्हणजे इंग्लंडचा क्रिकेटर इयन बोथम पण?

हो! बोथम म्हणजे नुसताच 'बॉटम', दरीचा तळ. वरचा प्रश्न वाचला असेल तर टी-एच कुठून आला ते कळेलच. त्याचा जन्म पण १९५५ साली चेशरमधल्याच हेस्वॉलचा, जरी तो वाढला दक्षिणेत सॉमरसेटमध्ये. आपल्या लोकांना तो विसरणं शक्यच नाही, फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत ११४ रन्स ठोकले आणि दोन्ही डावांत मिळून १३ विकेट काढल्या, इंग्लंड १० विकेट्सनी जिंकलं. त्या दिवशी वानखेडेवर कुणाला त्याच्या नावावर हसू आलं असेल असं वाटत नाही.

अजून किती 'बॉटम' आहेत? रॅम्सबॉटम, शफलबॉटम हे खरे का?

सगळे खरे आणि बहुतेक त्याच लँकेशर-चेशर-यॉर्कशर पट्ट्यातले. माझे आवडते सांगतो.

रॅम्सबॉटम हे बरी शहराजवळचं आजही असलेलं गाव. अर्थ दोन सांगतात, एक मेंढ्याची दरी, दुसरा रानलसणाची दरी, कारण जुन्या इंग्रजीत रानलसणाला 'ह्रॅम्सा' म्हणायचे. मला लसूण जास्त पटतो, ओलसर सावलीत तो माजतोच, पण दुसरी बाजूही तेवढ्याच हक्काने मांडली जाते. शफलबॉटम ऐकून कुणीतरी ठुमकत चाललंय असं वाटतं, पण तो निघतो मेंढ्या धुवायच्या जागेवरून, लोकर कातरायच्या आधी मेंढ्यांना ओढ्यात घालून खंगाळायचे, ती दरी. बोलता बोलता मेंढीचं आणि धुण्याचं असं काही भजं झालं की शब्द ओळखू येईना. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं आणायची दरी, ऑल्डममध्ये जन्मलेले वॉल्टर विंटरबॉटम १९४६ ते १९६२ इंग्लंडच्या फुटबॉल टीमचे पहिले मॅनेजर होते. लाँगबॉटम सरळच, लांब दरी. रोबॉटम म्हणजे खडबडीत दरी.

हिगिनबॉटम जरा फसवं आहे. हिगिन नावाच्या माणसाशी काही देणंघेणं नाही, ते ओक झाडांच्या दरीवरून आलंय, ओकचा हिगिन झाला तो साइडसारखाच, ओळखीचं काहीतरी बसवायच्या नादात. याच आडनावाचा भारताशी थेट संबंध आहे, १८४४ साली एबल जोशुआ हिगिनबोथॅम यांनी मद्रासमध्ये सुरू केलेलं पुस्तकांचं दुकान, हिगिनबोथॅम्स, आजही चालू आहे. दक्षिणेत रेल्वेने फिरलेल्यांनी स्टेशनवर हे नाव वाचलं असेल, आपल्याकडे व्हीलरचे स्टॉल होते तसे.

क्रिकेटर रायन साइडबॉटम याच घराण्यातला का?

आडनाव तेच, पण आज सगळे साइडबॉटम एकमेकांचे भाऊबंद असतील असं नाही. रायन हडर्सफील्डचा, म्हणजे पेनाइन ओलांडून पलीकडचा, यॉर्कशरचा, फार लांब नाही. लांब कुरळे केस उडवत येणारा डावखुरा बॉलर. पहिली कसोटी २००१ ला, मग तब्बल सहा वर्षं घरी, थेट २००७ ला परत, आणि मार्च २००८ मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक. २०१० चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलेल्या इंग्लंड टीममध्ये पण होता. त्याचे वडील आर्नी पण कसोटी खेळले, एकच, १९८५ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आणि त्याआधी मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉल. २००७ च्या भारताविरुद्धच्या मालिकेत एका बाजूला डावखुरा साइडबॉटम आणि दुसऱ्या बाजूला आपला श्रीरामपूरचा डावखुरा झहीर, मालिका आपण १-० ने जिंकली.

मोठं गोल खोटं डोकं घालून गाणी म्हणणारा फ्रँक साइडबॉटम मात्र खरा माणूस नाही, क्रिस सीव्ही नावाच्या कलाकाराने रंगवलेलं पात्र.

या भागाचा आपल्याकडच्या कापसाशी काही संबंध आहे असं ऐकलं?

आहे. वर सांगितलेल्या त्या नद्यांच्या काठी एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि हॅडफील्ड-ग्लॉसॉप भागात साइडबॉटम हे गिरणीमालकांचं नाव होतं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशर-चेशरचे कामगार उपाशी मरायला लागले. स्टेलीब्रिजमध्ये मार्च १८६३ ला दंगल झाली. टंचाईच्या या काळात मुंबईहून कापूस मागवला गेला, त्याला तिकडे 'सुरत' म्हणायचे, धागा आखूड, कचरा भरपूर, सारखा तुटायचा आणि कामगार वैतागायचे. 'देवा कापूस पाठव पण सुरती नको' अशी प्रार्थना केल्याची गोष्ट सांगतात. त्याच कापसाच्या पैशावर इकडे मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं धाडकन कोसळलं.

मी या आडनावाची वंशावळ शोधतोय, जुने कागद कुठपर्यंत जातात?

चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम झाला, पण सगळ्या गावांच्या सुरुवातीपासूनच्या टिकल्या नाहीत. सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. नावानिशी खानेसुमारी १८४१ पासून दर दहा वर्षांनी, त्यात १९३१ ची आगीत जळली आणि १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही.

दोन खड्डे खास या आडनावाच्या वाटेवर आहेत. पहिला, १३७७ ते १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या बाकी इंग्लंडसाठी सोन्यासारख्या, पण चेशर त्या करातून वगळलेला होता, त्यामुळे तिथलं नाव तिथे मिळणारच नाही. दुसरा, १९७४ ला सीमा बदलल्या आणि स्टॉकपोर्ट, हाइड, स्टेलीब्रिज हे सगळं ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेलं. आजच्या नकाशावरचं चेशर धरून शोधलंत तर भलत्याच गावात फिरत बसाल. आणि शोधताना दोन्ही स्पेलिंग टाका, सिंगल टी, डबल डी असले प्रकार पण टाका.

ऑनलाइन 'साइडबॉटम कुटुंबाचं राजचिन्ह' असलेला मग मिळतोय, घेऊ का?

चहा प्यायला घ्या. इंग्लंडमध्ये ढालीवरचं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि मग त्याच्या वंशजांना. ते काम बघणारी संस्था १४८४ पासून लंडनमध्ये आहे.

इतकं चिडवतात तर लोक आडनाव बदलत नाहीत का?

बदलतात, आणि तिकडे ते सोपं आहे. फसवायचा हेतू नसेल तर इंग्लंडमध्ये माणूस नवीन नाव नुसतं वापरायला लागला तरी चालतं, फक्त पासपोर्ट-बँकेसाठी एक सहीचा कागद करतात, डीड पोल. आपल्यासारखं गॅझेटमध्ये छापून आणायची सक्ती नाही. बरेच जण पूर्ण बदलत नाहीत, फक्त स्पेलिंग हलवतात.

शेक्सपियरच्या नाटकात बॉटम नावाचा विणकर आहे, तो पण दरीवालाच का?

नाही, हा एकटा अपवाद धरा. त्या काळी विणकर ज्या गाभ्याभोवती सूत गुंडाळायचे त्याला बॉटम म्हणायचे, आपली कांडी समजा. विणकराला धंद्यातलंच नाव दिलंय, गवंड्याला थापी म्हणावं तसं. आणि ढुंगणाचा विनोद तिथे शेक्सपियरने केला का हे विचारणारे पण बरेच असतात, त्यांनी तिसऱ्या प्रश्नातला अठराव्या शतकाचा मुद्दा परत वाचा, शेक्सपियर १६१६ लाच गेला.